छायाचित्रांवरून विमानांचे रंग

दुसऱ्या महायुद्धांतील विमानांचीं कृष्णधवल छायाचित्रें पाहून, शत्रूच्या दृष्टीस चकविणारा त्यांवरील रंगलेप निश्चित करण्याचा व त्याबरहुकूम रंगीत चित्रें सिद्ध करण्याचा उद्योग अलीकडे बराच चालला आहे. उद्योग स्तुत्य आहे. परंतु त्यांतील प्रमाणपद्धति पुष्कळदां कच्ची असते.

मुंबईच्या लोकांच्या वर्गणींतून घेतलेलीं लायसँडर विमानें १९४१ सालीं हिंदी वायुदलाच्या पहिल्या पथकास मिळालीं, व १९४२ च्या आरंभीं तीं ब्रह्मदेशांत लढलीं. तत्कालीन ब्रिटिश नियमानें अशा विमानाच्या पाठीवर गडद हिरवा व गडद मातकट हे दोन रंग असत. बाजूवरील वर्तुळाकार खुणेंत आंतून बाहेर तांबडा, पांढरा, निळा व पिवळा. आतां त्या काळच्या कित्येक छायाचित्रांत निळें कडें फिकें आणि पिवळें जवळजवळ काळें उमटलेलें दिसतें. म्हणून खूणच निराळी होती काय? मुळींच नाहीं. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा प्रकाश जाणवत नाहीं व निळा फार जाणवतो, त्याचा हा परिणाम. पँक्रोमॅटिक फिल्मवर तेंच पिवळें उजळ व निळें गडद येतें. तेव्हां प्रथम खुणेवरून फिल्म ओळखावी, मग पाठीच्या पट्ट्यांकडे वळावें. हिरवा व मातकट हे पट्टे एकजीव दिसले, एवढ्यावरून विमान एकरंगी ठरत नाहीं.

पण खुणेचे रंग तरी कशावरून ठरले? जपानी सूर्यबिंबाशीं घोटाळा होऊं नये म्हणून १९४३ मध्यें या आघाडीवरील खुणेंतून तांबडा काढून टाकण्यांत आला, व पांढऱ्याच्या जागीं फिकट निळा आला. छायाचित्राचा काळ चुकला कीं सारें अनुमान ढासळतें.

वाशीमच्या अभ्यासकांस हा प्रमाद नवा नाहीं. अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यांतील झिजलेल्या लेखांत ब्यूलर यांनीं पहिल्या प्रवरसेनाच्या पुत्राचें नांव रुद्रसेन असें वाचलें. तें नांव इतर ताम्रपटांमुळें ओळखीचें होतें. १९३९ सालीं वाशीमचा, दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडांत आला, त्यांत सर्वसेन निघाला; मग वा. वि. मिराशी यांस अजिंठ्याच्या त्याच अक्षरांत सर्वसेन दिसला. दगड बदलला नव्हता!

विमानांच्या बाबतींत ताम्रपटाची जागा भग्नावशेषांवर उरलेल्या रंगाच्या खपल्यांस द्यावी. आज्ञापत्रें त्याखालोखाल, कारण तीं काय लावावें तें सांगतात, काय लावलें तें नव्हे, आणि ब्रह्मदेशच्या उन्हापावसांत लावलेलाही रंग टिकत नसे. निदान रंगीत चित्राखालीं फिल्म कोणती मानली, दिनांक कशावरून घेतला आणि कोणता रंग केवळ तर्कानें भरला, एवढें तरी चित्रकारानें लिहावें.