‘यशस्वी घरटे’ : एका संज्ञेचे परीक्षण

शास्त्रीय संज्ञा व्यवहारातील शब्दावरून घेतलेली असली, की तिच्या व्याख्येत नसलेला अर्थही वाचकाच्या मनात शिरतो. रानबदकांच्या विणीविषयीच्या संशोधनातील ‘घरट्याचे यश’ ही संज्ञा याचे ठळक उदाहरण होय. ज्या घरट्यातील निदान एका अंड्यातून पिल्लू बाहेर पडले ते यशस्वी, एवढीच तिची व्याख्या आहे.

उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात मॅलार्ड, तलवार बदक, थापट्या इत्यादी जाती पाणथळींच्या आसपास गवतात, कुरणांत आणि शेतांतही घरटी करतात. यांपैकी कोणत्या अधिवासात वीण अधिक फळते, हे ठरविण्यासाठी पूर्वी सापडलेल्या घरट्यांतील यशस्वी घरट्यांची टक्केवारी काढीत. दोष होता तो ‘सापडलेल्या’ या शब्दात. कोल्हे, स्कंक यांनी आरंभीच उद्ध्वस्त केलेली घरटी निरीक्षकाच्या गणतीत येतच नाहीत. हॅरल्ड मेफील्ड यांनी १९६१ मध्ये घरटे किती दिवस निरीक्षणाखाली होते हे हिशेबात धरून दैनिक टिकाव काढण्याची रीत सुचविली, ती याच कारणाने.

मॅलार्डच्या घरट्याला अंडी घालण्यापासून ती फुटेपर्यंत सुमारे ३५ दिवस लागतात. दैनिक टिकाव ९३ टक्के धरला, तर खरे यश अवघे ८ टक्के येते. तीच घरटी १५ दिवसांनंतर सापडली असे मानल्यास ते २३ टक्के दिसते. कावर्डिन व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये मॅलार्डची संख्या टिकण्यास सुमारे १५ टक्के यश आवश्यक ठरविले. म्हणजे ऱ्हासाकडे चाललेला अधिवास जुन्या रीतीने सुरक्षित ठरतो. शिवाय दाट गवतात आणि उघड्या शेतात घरटी सारख्याच वयात सापडतील असे नाही. मग अधिवासांची तुलनाही फसवी होते.

क्लेट, शॅफर व जॉन्सन यांच्या १९८८ च्या अभ्यासाचे मोल येथे कळते. त्यांनी पाच जातींचे यश अधिवासवार काढलेच, पण एकूण घरट्यांत प्रत्येक अधिवासाचा वाटाही जमेस धरला. हे आवश्यकच होते. कारण पसंतीचा अधिवास अनुकूल असतोच असे नाही. तलवार बदक कापणीनंतरच्या धसकटांत घरटे करते आणि पुढील नांगरणीत ते नष्ट होते.

तथापि मेफील्ड यांची रीतही सर्वस्वी निर्दोष नव्हे. दैनिक टिकाव सर्व काळ सारखाच राहतो हे तिचे मूळ गृहीतक वादातीत नाही. त्याहून महत्त्वाचे असे की, पिल्लू बाहेर पडताच ‘यश’ संपते आणि जीवनाची कसोटी सुरू होते. मादी पिल्लांना बहुधा दिवसाभरातच पाण्याकडे नेते. त्या वाटेवर व पाण्यावर किती पिल्ले दगावली, याविषयी ही संज्ञा मौन पाळते. तेव्हा तिला ‘उबवणीचे यश’ म्हणणे अधिक युक्त ठरेल. कोणते गवत राखावे आणि कोणते नांगरावे, हे निर्णय जिच्या आधारे होतात, ती संज्ञा तरी आपल्या मर्यादेत राहिली पाहिजे.