‘मॅन’ म्हणजे कोण?

रिचर्ड राइट यांची ‘द मॅन हू वॉज ऑलमोस्ट अ मॅन’ ही कथा मराठीत आणायची तर शीर्षकापाशीच अडायला होतं. ‘मॅन’ म्हणजे पुरुष की माणूस? ही वयात येण्याची कथा म्हणून वाचली तर ‘पुरुष’ चालेल. मला ते पुरत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत केस पिकलेल्या काळ्या माणसालाही गोरे लोक ‘बॉय’ म्हणत. तिथे नुसत्या वयानं कोणी मोठा होत नव्हता.

सतरा वर्षांचा शेतमजूर डेव्ह दोन डॉलरला जुनं पिस्तूल घेतो, डोळे मिटून पहिली गोळी झाडतो आणि मालकाचं खेचर मारून बसतो. भरपाई पन्नास डॉलर. महिन्याला दोन फेडायचे. जमलेली माणसं हसतात. राइट यांची मनाची जाण इथे दिसते. पिस्तुलाची ओढ सुरू होते ती बरोबरच्या काळ्या मजुरांना आपण काय आहोत ते दाखवण्यासाठी. गोऱ्या मालकाच्या घरावर एक गोळी झाडावी, हे मनात येतं शेवटी. अपमानाचं मूळ कुठे आहे, हे डेव्हला फार उशिरा कळतं.

बंदुकीच्या हक्कावरचा अमेरिकी वाद वाचताना म्हणूनच ही कथा आठवते. १७९१ची दुसरी घटनादुरुस्ती शस्त्र बाळगण्याचा हक्क ‘लोकांना’ देते. पण १८५७च्या ड्रेड स्कॉट निकालात सरन्यायाधीश टॅनी यांनी काळ्यांना नागरिकत्व नाकारताना भीती घातली, की नागरिक झाले तर ते शस्त्र घेऊन कुठेही फिरतील. पुढे ब्लॅक पँथर्स भरल्या बंदुका घेऊन ओकलंडमध्ये पोलिसांवर नजर ठेवू लागले, आणि १९६७मध्ये कॅलिफोर्नियात अशी बंदूक उघड बाळगण्यावर बंदी आली. कायद्यावर सही रोनाल्ड रेगन यांची. एकाच्या हातात जे संरक्षण, तेच दुसऱ्याच्या हातात दिसलं की धोका.

(आपल्याकडे बंदुकीशेजारी ‘परवाना’ हाच शब्द येतो. तोही निष्पाप नाही. १८७८च्या शस्त्र कायद्यानं हिंदी लोकांवर परवाना लादला, युरोपियनांना सूट दिली.)

कथेच्या अखेरीस डेव्ह उरलेल्या गोळ्या डोळे उघडे ठेवून झाडतो आणि धावत्या गाडीवर चढतो. याला मुक्ती म्हणायला मी तयार नाही. खिशातलं पिस्तूल रिकामं आहे, आणि तरी तो ते चाचपून पाहतो.

तूर्त मी ‘जवळजवळ माणूस’ असं लिहिलंय. त्यात डेव्हची पुरुषी मिजास झाकली जाते, आणि खेचर मेलं ते त्या मिजाशीपायीच.