गारिफुना गाण्यात भाषा किती उरली?

गारिफुना भाषेत एक, दोन, तीन हे आकडे घरचे. चारपासून पुढे मात्र फ्रेंच सुरू होतं: गादुरू, सेंगू, सिसी, सेदू. कॅरिबियनमधल्या सेंट व्हिन्सेंट बेटावर फ्रेंचांशी देवघेव करताना आलेले हे शब्द कायमचे मुक्कामाला राहिले. मूळ भाषा आरावाक कुळातली, तिच्यात कॅरिब शब्दांची भर, आणि बोलणाऱ्यांत आफ्रिकी रक्त मोठं. जुन्या रीतीने बाई 'मी' म्हणताना 'नुगुया' म्हणायची आणि पुरुष 'औ', कारण एक शब्द आरावाक आहे, दुसरा कॅरिब. १७९७ मध्ये इंग्रजांनी या लोकांना बेटावरून उचलून होंडुरासजवळच्या रोआतानवर नेऊन टाकलं. आज त्यांची गावं होंडुरास, बेलीझ, ग्वाटेमाला आणि निकाराग्वाच्या किनाऱ्यावर विखुरली आहेत, आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्येही त्यांची मोठी वस्ती आहे.

एवढं उसनं घेऊन जी भाषा तगली, ती आता आटते आहे. उसनवारीने तिचं काही बिघडलं नव्हतं. आता मात्र आई पोराला बेलीझमध्ये क्रिओल किंवा इंग्रजीत हाक मारते, होंडुरासमध्ये स्पॅनिशमध्ये, आणि गारिफुना आजीपुरती उरते. अशा वेळी सगळे गाण्याकडे बघतात. युनेस्कोने २००१ मध्ये गारिफुनांची भाषा, नृत्य आणि संगीत या तिघांना एकत्रच मौखिक वारशाचा मान दिला. पण गाण्याने भाषा जगते, हे वाक्य इतकं गुळगुळीत झालं आहे की ते एकदा खडबडीत करून बघायला हवं.

या गाण्यांत मला सगळ्यात मोलाची वाटते ती बायकांची रचना. पुंता म्हणजे मयताच्या जागरणातही नाचला जाणारा ताल. एक ढोल, सेगुंदा, ठेका धरून बसतो आणि दुसरा, प्रिमेरो, नाचणाऱ्याच्या पायांशी खेळतो. त्यावर बायका गातात ते बहुधा गावातलं ताजं दुखणं असतं: कोणाचा नवरा परगावी गेला तो परतला नाही, कोणाचं मूल गेलं, कोण कोणाला काय बोललं. अबेइमाहानी नावाच्या गाण्यात ढोलही नसतो. बायका हातात हात गुंफून उभ्या राहतात, झुलतात आणि गातात. पुरुषांचं अरुमाहानी आता फारच क्वचित ऐकू येतं. कसावा किसतानाची गाणी आहेत, पण किसणी जाऊन मोटार आली की गाणं कशाला राहील? जात्यावरच्या ओव्यांचं काय झालं ते आपण बघितलंच आहे.

'उमालाली' या २००८ च्या अल्बममध्ये हे बायकी गाणं नीट सापडतं. नावाचा अर्थ 'आवाज'. निर्माता आयव्हन दुरान याने कित्येक वर्षं गावोगाव फिरून बायकांची गाणी गोळा केली. त्यातलं एक १९६१ च्या हॅटी वादळावर आहे. वादळाची बातमी कोणीतरी गाण्यात बांधली, ती बाईच्या तोंडी राहिली, आणि कित्येक वर्षांनी ध्वनिमुद्रित झाली. भाषा जिवंत असते ती अशी. मात्र दुरानने त्यावर चढवलेली गिटारची झिलई मला कधी कधी खटकते. जगाच्या बाजारात खपेल असा तो सौम्य, सोनेरी आवाज बाईच्या चिरक्या स्वराला जरा जास्तच सांभाळून घेतो.

त्याआधीची पिढी गाजवली पुंता रॉकने. १९८० च्या सुमारास बेलीझमधल्या डांग्रिगात पेन कायेतानो या चित्रकार-वादकाने पुंताच्या तालावर इलेक्ट्रिक गिटार चढवली. जोडीला कासवाच्या पाठी वाजत होत्या. बघता बघता पोरंटोरं गारिफुना गाऊ लागली, आणि लाज वाटायची ती भाषा नाचाच्या फडात मिरवू लागली. ही कामगिरी लहान नाही. पण पुढे कीबोर्ड आला, वेग वाढला आणि शब्द आक्रसत गेले. चार शब्दांचं धृपद घोळवायला भाषा यावी लागत नाही.

अँडी पालासिओ याच फडातून आला. बेलीझच्या दक्षिण टोकाजवळच्या बारांको गावचा. विशीत तो साक्षरता मोहिमेसाठी निकाराग्वात गेला, तिथे एका म्हाताऱ्याशी गारिफुनात बोलला, आणि म्हाताऱ्याचा कानांवर विश्वास बसेना, कारण तिथे तरुण कोणी ती भाषा बोलत नव्हतं. ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिची आरती झाली आहे. पण तिचा परिणाम खरा होता. २००७ च्या 'वातिना' या अल्बमसाठी पालासिओने वेग उतरवला. होपकिन्स गावात समुद्रकाठच्या झावळ्यांच्या झोपडीत ध्वनिमुद्रण झालं, आणि सत्तरी ओलांडलेला, पुंता गोर्दा गावचा पारांदा गायक पॉल नाबोर त्यात गायला. पारांदा म्हणजे लॅटिन वळणाच्या गिटारवरचं संथ गाणं, तीही उसनवारीच. 'आमुन्येगू' या गाण्यात तर थेट प्रश्न आहे: पुढे माझ्याशी गारिफुनात बोलणार कोण? अल्बम जगभर गाजला. जानेवारी २००८ मध्ये पालासिओ वारला, वय ४७.

'वातिना'ची स्तुती मीही करतो, पण एक शंका ठेवून. लंडनमध्ये बसून तो ऐकणाऱ्याला एकही शब्द कळत नाही, आणि त्याचं काही अडतही नाही. भाषा तिथे सुगंधासारखी वापरली जाते. बेलीझमध्ये मात्र या कीर्तीने वेगळं काम केलं: बाहेरच्यांनी टाळ्या वाजवल्यावर घरच्यांना आपल्या बोलीची किंमत वाटली. त्याच २००७ मध्ये डांग्रिगात गुलिसी शाळा सुरू झाली. तिथे गारिफुना, इंग्रजी आणि स्पॅनिश तिन्ही भाषा चालतात. ई. रॉय कायेतानो यांचा शब्दकोश त्याआधीच, १९९३ मध्ये आला होता. वर्ग आणि कोश ही कामं गाणं करू शकत नाही. जमिनीचं कामही नाही. त्रिउन्फो दे ला क्रूस या गावच्या गारिफुनांना आपल्या किनाऱ्यासाठी होंडुरास सरकारविरुद्ध आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयात जावं लागलं. २०१५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. गावच उठलं तर भाषा बोलायची कोणाशी?

म्हणून या कलेची तब्येत मोजताना मी श्रोते मोजत नाही. नवं गाणं कोण रचतं, ते विचारतो. जुनं पाठ म्हणणाऱ्याला भाषा यावी लागत नाही. शेजारणीला टोमणा मारणारं नवं गाणं जुळवायला मात्र भाषा पुरती मुरलेली लागते. होंडुरासच्या प्लाप्लाया गावच्या औरेलिओ मार्तीनेसला ती होती. लहानपणी लाकूड आणि मासेमारीची दोरी जोडून त्याने पहिली गिटार केली. आई गाणारी, तिची गाणी त्याने 'लांदिनी' या २०१४ च्या अल्बममध्ये घेतली. मधल्या काळात तो होंडुरासच्या संसदेतही बसला. मला तो पालासिओपेक्षा सरस वाटतो, कारण त्याच्या गाण्यात भाषेची काळजी कमी आणि भाषेतली माणसं जास्त आहेत.

१७ मार्च २०२५ ला रोआतानहून निघालेलं विमान समुद्रात कोसळलं. औरेलिओ त्यात गेला, १७९७ मध्ये त्याचे पूर्वज ज्या बेटावर उतरवले गेले त्याच्याच किनाऱ्याजवळ. गारिफुना रीतीने अशा मरणावर गाणं व्हायला हवं. प्लाप्लायातल्या कोणा बाईने ते रचलं का, आणि कोणत्या भाषेत, तेवढं मला ऐकायचं आहे.