मोहरी, वाटाणा आणि विश्व

विश्वाच्या विस्ताराचे वर्णन करू पाहणाऱ्या लेखकापुढे एक अडचण नेहमीच उभी असते. त्याचे आकडे खरे असतात, परंतु ते मनात उतरत नाहीत. सूर्य पृथ्वीपासून सुमारे 9 कोटी 30 लक्ष मैल दूर आहे, हे वाचून वाचक मान डोलावतो. 9 कोटींच्या जागी 90 कोटी छापले गेले असते, तरी त्याने तशीच मान डोलावली असती. म्हणून लेखक उपमेचा आश्रय करतो व स्वयंपाकघरातील डबे उघडतो. असे केले की तो शास्त्राच्या प्रांतातून साहित्याच्या प्रांतात पाऊल टाकतो, आणि त्याची उपमा साहित्याच्या कसोटीस लावून पाहण्याचा अधिकार आम्हांस प्राप्त होतो.

ती कसोटी आपल्या साहित्यशास्त्राने पूर्वीच सांगून ठेवली आहे. उपमान उपमेयाहून अधिक परिचित असावे, आणि दोहोंतील साधारण धर्म स्पष्ट असावा. आकाशातील तारे पृथ्वीवरील वाळूच्या कणांहून अधिक आहेत, ही लोकप्रिय उपमा या कसोटीस उतरत नाही. पृथ्वीवरील सर्व वाळू कोणी पाहिली आहे? एका अज्ञाताची तुलना दुसऱ्या अज्ञाताशी केल्याने ज्ञान होत नाही, केवळ छाती दडपते. आर्किमिडीजनेही वाळूच घेतली होती. परंतु सिराक्यूसचा राजा गेलॉन यास उद्देशून लिहिलेल्या प्रबंधात त्याने आरंभ केला तो खसखशीच्या दाण्यापासून. एका दाण्याच्या आकारमानात वाळूचे दहा हजारांहून अधिक कण मावणार नाहीत, चाळीस दाणे ओळीने मांडले की बोटाची रुंदी भरते, असे गृहीत धरून तो पायरीपायरीने ताऱ्यांच्या गोलापर्यंत चढला. आणि तो गोल वाळूने भरला तरी कणांची संख्या एकावर 63 शून्ये यापुढे जाणार नाही, असे त्याने दाखविले. वाचकास दिपविण्याचा त्याचा हेतू नव्हता. एवढी संख्याही माणसाच्या बुद्धीच्या आटोक्यात आहे, हे त्यास सिद्ध करावयाचे होते.

परंतु या प्रकारातील सर्वांत यशस्वी उपमा आमच्या मते जॉन हर्शेल यांची होय. 1849 साली प्रसिद्ध झालेल्या ‘आउटलाइन्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमी’ या ग्रंथात ते वाचकास एका सपाट मैदानावर नेतात. मध्यभागी दोन फूट व्यासाचा गोल, हा सूर्य. तेथून 82 फुटांवर मोहरीचा दाणा, हा बुध. 142 फुटांवर वाटाणा, हा शुक्र. 215 फुटांवर दुसरा वाटाणा, ही पृथ्वी. मंगळ टाचणीच्या मोठ्याशा डोक्याएवढा. गुरू मध्यम संत्र्याएवढा, पण सुमारे पाव मैल दूर. आणि नेपच्यून सव्वा मैलावर. या मांडणीचा विशेष असा, की आकार व अंतर ही दोन्ही एकाच मापाने मोजली आहेत. शाळेतील तक्त्यांत हेच साधत नाही. तेथे ग्रह पंगतीला बसल्यासारखे खांद्याला खांदा लावून असतात, आणि विश्वाचा जो मुख्य धर्म, म्हणजे रितेपणा, तोच चित्रातून गळून पडतो.

एका रविवारी आम्ही धाकट्या कन्येस घेऊन मैदानावर हा प्रयोग केला. दोन फुटांची पुठ्ठ्याची चकती एका खांबास बांधली आणि फितीने मोजून वाटाणा ठेवला. तेथे उभी राहून तिने मागे वळून पाहिले व ती म्हणाली, “बाबा, सूर्य आभाळात दिसतो तेवढाच दिसतो की हो हा!” हर्शेल यांच्या ग्रंथावर यापेक्षा चांगला अभिप्राय आम्हांस देता येणार नाही. उपमेने स्वतःच आपली साक्ष दिली. मग चंद्र कोठे, म्हणून तिने विचारले. तो मोहरीहूनही लहान, आणि वाटाण्यापासून साडेसहा इंचांवर. 1969 ते 1972 या काळात बारा माणसे चंद्रावर चालून आली, ती ही एक वीतही न भरणारी यात्रा! 1977 साली निघालेले व्हॉयेजर 1 हे यान या मापाने अद्याप सात मैलांच्या आसपासच आहे. आणि ज्याच्या वेगाची आपण एवढी ख्याती ऐकतो, तो प्रकाश या मैदानावर सेकंदास अवघे पाच इंच सरकतो. रांगणारे मूलही त्यास मागे टाकील.

या उपमेतही उणिवा आहेत. युरेनस व नेपच्यून यांसाठी योजलेली चेरी व प्लम ही फळे आपल्या घरांतील नव्हेत. भाषांतरकाराने तेथे खुशाल लहान आवळे घ्यावेत. मोठी उणीव पुढे आहे. याच मापाने सर्वांत जवळचा तारा सुमारे 11 हजार मैलांवर, म्हणजे पृथ्वीच्या जवळजवळ पलीकडच्या अंगास ठेवावा लागतो. आणि आपली आकाशगंगा मांडू गेल्यास तिचा व्यास सूर्याच्या खऱ्या अंतराच्या पावणेतीन पट होतो. येथे उपमान स्वतःच उपमेयाएवढे अगम्य झाले, आणि उपमा संपली.

ही अडचण ओळखून डच शिक्षक केस बूके यांनी 1957 साली ‘कॉस्मिक व्ह्यू’ या पुस्तकात निराळा मार्ग काढला. मांजर घेऊन बसलेल्या एका मुलीपासून आरंभ करून चित्रागणिक माप दसपट बदलावयाचे, अशा 40 उड्या. चार्ल्स व रे ईम्स यांचा 1977 चा ‘पॉवर्स ऑफ टेन’ हा चित्रपट याच कल्पनेवर आधारलेला आहे. त्याची ख्याती यथार्थ आहे. तथापि पडद्यावर प्रत्येक दसपट सारख्याच सुखाने दहा सेकंदांत ओलांडली जाते. डोळे दूर जातात, पाय खुर्चीपाशीच राहतात. प्रेक्षकास विश्व पाहिल्याचा आनंद मिळतो, पण त्याचे अंतर सोसल्याची जाणीव मिळत नाही. हर्शेल मात्र वाचकास चालावयास लावतात. गुरूपर्यंत गेलेले मूल ते अंतर विसरणार नाही, कारण ते त्याच्या पायांनी मोजलेले असते.

म्हणून मराठीतून शास्त्र लिहिणाऱ्यांस आमची एवढीच विनंती आहे. ग्रहमालेचे चित्र अवश्य छापावे; परंतु त्याखाली एक प्रामाणिक ओळ असावी, की यातील अंतरे खरी नाहीत; ती पाहावयाची असल्यास घरातून मोहरी व वाटाणे घ्यावेत आणि मैदानावर जावे.