निर्दोष शिवराई म्हणजे काय?

आजचा विषय तांब्याचा आहे. म्हणजे शिवराईचा, आणि त्यातही एका शब्दाचा: ‘निर्दोष’. जुनी नाणी विकणारे हल्ली हा शब्द सढळ हातानं वापरतात, घेणारेही तोच मागतात. मला या शब्दाची जरा झडती घ्यायची आहे. कारण आपल्याकडची तरुण मुलं पगारातले पैसे घालून शिवराया घेतात, आणि फसतात ती बहुतेक वेळा या शब्दापाशी.

आमच्या न्यायशास्त्रात एक साधी गोष्ट सांगितली आहे. अभावाचं ज्ञान व्हायचं तर आधी प्रतियोगी, म्हणजे ज्याचा अभाव आहे ती वस्तू, माहीत पाहिजे. घट कधी पाहिलाच नाही तो ‘इथे घट नाही’ असं म्हणू शकत नाही. तसंच नाण्याचं. ‘दोष नाही’ म्हणताय, तर कोणता दोष? विक्रेत्याला हा प्रश्न विचारून बघा. तो म्हणेल, ‘सर, एकदम क्लीन पीस आहे.’ हे उत्तर झालं नाही.

आता शिवराई डोळ्यांपुढे आणा. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ तीन ओळींत, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ दोन ओळींत, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान. त्यात घाव हातोडीचा. त्यामुळे सगळी अक्षरं आणि सगळे ठिपके एकाच नाण्यावर सापडणं फार कठीण. कुठे ‘श्री’चा माथा गेलेला, कुठे ‘ति’ अर्धी. हा दोष म्हणायचा का? मी म्हणणार नाही. हे नाणं तसंच जन्मलं. ‘शिव’च्या जागी ‘सिव’ दिसतं तेही तसंच, कोरणाऱ्याच्या हाताचं. झिजेचंही तेच. शिवराई इंग्रजी अमदानीतसुद्धा बाजारात चालत होती. इतक्या हातांतून गेलेलं तांबं झिजणारच. ते त्याचं वय आहे.

खरी हानी पुढची. कुणी भोक पाडून पोराच्या गळ्यात बांधलं. कुणी कानस मारली. नदीच्या वाळूतून आलेल्या नाण्याला देवीचे व्रण असावेत तसे खड्डे पडलेले असतात. आणि सगळ्यात जास्त नुकसान केलं ते चिंचेनं.

(श्रोत्यांतून: सर, देव्हाऱ्यातली शिवराई आम्ही चिंचेनंच घासतो.)

घासा, ताई. तुमच्यासाठी ते नाणं नाहीच, तो देव आहे, आणि देव लख्ख असावा हे बरोबर. संग्राहक त्याला ‘बिघडलेलं’ म्हणेल, कारण दोनशे वर्षांत चढलेला तपकिरी थर गेला आणि तो परत येत नाही. दोघंही आपापल्या जागी खरे आहेत. माझं भांडण तिसऱ्याशी आहे. तो नाणं आम्लात बुडवून गुलाबी करतो, वर रसायनानं खोटा काळा रंग देतो आणि मग ‘निर्दोष’ म्हणून विकतो. त्याच्याही पुढचा तो, जो बोथट ‘श्री’ सुईनं पुन्हा कोरतो. अशा कोरलेल्या ‘श्री’पेक्षा भोकाची शिवराई मी केव्हाही पसंत करीन. भोक निदान खोटं बोलत नाही.

अमेरिकेत हे वेड आपल्यापेक्षा जुनं आहे. तिथे 1793पासूनचे तांब्याचे मोठे सेंट असेच पारखले जातात. शेल्डन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1949मध्ये त्यांच्यासाठी 1 ते 70 अशी मोजपट्टी बसवली. कल्पना अशी की, अगदी झिजक्या नाण्याला एक डॉलर, तर सर्वोत्तमाला सत्तर. बाजारभाव बदलले, ते गणित कोलमडलं, पट्टी मात्र जगभर राहिली. (हे गृहस्थ माणसाच्या शरीरालाही आकडे देत असत, असो.) पुढे उघड झालं की न्यूयॉर्कच्या नाणकशास्त्र संस्थेतले चांगले सेंट काढून त्यांनी तिथे आपले हलके ठेवले होते. पारख उत्तम होती. पारख आणि प्रामाणिकपणा एकाच घरात राहतात असं नाही. कौटिल्यानं टांकसाळीचा लक्षणाध्यक्ष आणि नाणी तपासणारा रूपदर्शक असे दोन वेगळे अधिकारी का सांगितले, ते इथे ध्यानात येतं.

पण माझा मुख्य आक्षेप आणखी वेगळा आहे. चिठ्ठीवर लिहितात, ‘शिवकालीन, 1674, निर्दोष’. अहो, शिवराईवर सन नाही आणि टांकसाळीचं नावही नाही! महाराजांच्या नावाची ही शिवराई पुढे पेशवाईतही ठिकठिकाणी पाडली गेली. कोणती राज्याभिषेकाच्या काळातली, हे अक्षरांच्या वळणावरून आणि वजनावरून केलेलं अनुमान असतं. अनुमान करा, पण हेतू सांगा. चिठ्ठीवर नुसती प्रतिज्ञा असते, हेतू कुठेच नाही. ओळींमध्ये दुहेरी रेघ असलेली दुदांडी शिवराईसुद्धा मी ‘1674’ म्हणून विकायला ठेवलेली पाहिली आहे. त्या नाण्यावर एक ओरखडा नव्हता. दोष चिठ्ठीत होता.

मग घेताना काय बघायचं? कडा बघा, साच्यात ओतलेल्या नकलेला कडेला शिवण दिसते आणि अंगावर बुडबुड्यांची बारीक छिद्रं. एकाच विक्रेत्याकडे दोन शिवराया ठेवून बघा. हातानं पाडलेली दोन नाणी कधीच हुबेहूब नसतात. दोन्हींचा आकार, टवका, सगळं एकाच जागी असेल तर दोन्ही सोडून द्या. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर ते नाणं आजारी आहे, ते बाकीच्यांत ठेवू नका. आणि नुकतं शेतात सापडलंय असं कुणी म्हणाला तर थांबा. दहा रुपयांवरचं भूमिगत धन कलेक्टरला कळवावं लागतं, हा 1878चा कायदा अजून आहे. परदेशातल्या भाच्याला शंभर वर्षांवरचं नाणं भेट म्हणून पाठवणंही 1972च्या कायद्यात बसत नाही.

मंगळवार बाजारात शिवराई दिसली तर घासून चमकवलेली नको म्हणा. मळकी मागा. मळ निघतो की नाही ते नंतर बघू. आधी साध्या पाण्यात ठेवा, आणि ब्रश घरी कुणाच्या हाती लागू देऊ नका.