दांडगं पोरगं आणि खरा हेवीवेट : होतकरू बॉक्सरची पारख



अकोल्यात बॉक्सिंगवर बोलायचं म्हणजे फार प्रस्तावना लागत नाही. वसंत देसाई क्रीडांगणावर संध्याकाळी चक्कर मारली, की बॅगवर पडणाऱ्या ठोशांचा आवाज कानावर येतोच. पण आज आम्ही खेळाडूंवर बोलणार नाही, बोलणार आहोत बघणाऱ्यांवर. म्हणजे तुमच्या-आमच्यावर. एखाद्या सतरा-अठरा वर्षांच्या वजनदार मुलाकडे किंवा मुलीकडे बघून आपण जो निकाल देतो, त्या निकालाची आज थोडी तपासणी करू.

तो निकाल साधारण असा असतो. मुलगा रिंगमध्ये चढतो. सहा फूट दोन इंच, नव्वद किलो. समोरचा कसाबसा ऐंशीचा. चाळीस सेकंदांत लढत आटोपते. मागून कोणी म्हणतो, "लय दांडगं पोट्टं हाय बाप्पा, हे देशाचं नाव काढते." दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागतो, 'भावी विश्वविजेता'. आम्हीही अशा वेळी टाळ्या वाजवल्या आहेत, आणि एका मुलाबद्दल तर घरी जाऊन त्याच्या वडिलांना सांगूनही आलो होतो, की याला आता फक्त बॉक्सिंगच करू द्या. दोन वर्षांनी तो मुलगा खेळ सोडून गेला. चूक त्याची नव्हती. आम्ही शरीर पाहिलं होतं, बॉक्सर पाहिलाच नव्हता.

बाजारात कापसाची गाडी आली, की व्यापारी वरच्या थरावर भाव करत नाही. तो हात आत खुपसतो, खालचा कापूस ओढून काढतो, ओला आहे का बघतो. हेवीवेटच्या बाबतीत मात्र आपण वरचा थर बघूनच भाव सांगून मोकळे होतो.

असं का होतं? कारण जड वजनी गटाची रचनाच फसवी आहे. हलक्या गटात सुवर्ण मिळवायला मुलाला चार-पाच लढती जिंकाव्या लागतात, त्याही आपल्याच वजनाच्या मुलांशी. जड गटात स्पर्धकच कमी. कित्येकदा पहिली लढत हीच उपांत्य फेरी असते. शिवाय वरच्या गटाला मर्यादा नसते, त्यामुळे पंधरा-वीस किलोंचा फरक सहज पडतो. आणि या वयात एकाची वाढ पूर्ण झालेली असते, दुसऱ्याची अजून व्हायची असते. म्हणजे जिंकलं कोण? कौशल्य, की लवकर वयात आलेलं शरीर?

त्याहून मोठा घोटाळा सरावात होतो. नव्वद किलोच्या मुलाला गावात जोडीदारच मिळत नाही. तो सत्तर किलोच्या पोरांशी स्पॅरिंग करतो. ती पोरं लहान म्हणून तो हात राखून मारतो, आणि त्यांचे ठोसे लागत नाहीत म्हणून डोकं हलवायचं, पाय हलवायचं सोडून देतो. मार खाल्ला तरी काही होत नाही, हे तो रोज संध्याकाळी शिकत असतो. पुढे राष्ट्रीय स्पर्धेत त्याच्याच वजनाचा मुलगा समोर येतो, तेव्हा हे शिक्षण एका ठोशात महाग पडतं.

आता आपल्या विदर्भाचंच उदाहरण घेऊ. नागपूरच्या अल्फिया पठाणने एप्रिल 2021 मध्ये पोलंडमधल्या किल्त्से इथे 81 किलोवरील गटात युवा जागतिक सुवर्ण जिंकलं. 2022 च्या जुलैमध्ये कझाकस्तानातल्या एलोर्डा चषकात सुवर्ण, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अम्मानला आशियाई सुवर्ण. तीन सुवर्णं. तुम्हाला विचारलं, की यातलं सर्वांत मोठं कोणतं, तर तुम्ही जागतिक किंवा आशियाई म्हणाल. नावं मोठी आहेत ना! पण पारख करणाऱ्याने आत हात घालावा. अम्मानच्या अंतिम लढतीत जॉर्डनची प्रतिस्पर्धी अपात्र ठरली होती. पदक खरंच आहे, त्यात अल्फियाकडे काही कमीपणा येत नाही. पण ती लढत आपल्याला तिच्याबद्दल फारसं सांगत नाही. एलोर्डा चषकात मात्र तिने कझाकस्तानच्या लज्जत कुंगेइबायेव्हाला हरवलं. 2016 ची विश्वविजेती, तीही तिच्याच देशात. आमच्या मते ज्या स्पर्धेचं नाव आपल्याकडे फारसं कोणी ऐकलेलं नाही, तिथेच या मुलीने स्वतःबद्दल सर्वांत जास्त सांगितलं. पदक कोणत्या स्पर्धेचं, हे दुसरं. समोर कोण होतं, हे पहिलं.

जगातही हेच दिसतं. अमेरिकेचा जॅरेड अँडरसन घ्या. 17 व्यावसायिक लढती, एकही हार नाही. हेवीवेटचा पुढचा राजा म्हणून त्याचा गाजावाजा झाला. ऑगस्ट 2024 मध्ये मार्टिन बाकोले समोर आला आणि पाचव्या फेरीत सगळं संपलं. उलट बाजूला डॅनियल डुबुआ. नोव्हेंबर 2020 मध्ये जो जॉइसविरुद्ध डोळ्याचं हाड मोडल्यावर त्याने गुडघा टेकला, तेव्हा लोक म्हणाले की याच्यात जिगरच नाही. त्याच डुबुआने सप्टेंबर 2024 मध्ये वेम्ब्लीवर अँथनी जोशुआला पाचव्या फेरीत झोपवलं. मग लोक म्हणाले, हाच खरा! जुलै 2025 मध्ये उसिकने त्याला पाचव्याच फेरीत संपवलं. तिन्ही वेळा निकाल देणारे घाईत होते, मुलगा आपला शिकत होता.

आणि खुद्द उसिक? 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो 91 किलोत सुवर्णविजेता होता. व्यावसायिक झाल्यावर आधी क्रूझरवेटमध्ये खेळला, मग वर चढला. मे 2024 मध्ये त्याने टायसन फ्युरीला हरवलं तेव्हा उंची, वजन, हातांची लांबी, तिन्ही फ्युरीकडे जास्त होत्या. उसिककडे पाय होते.

वयाचंही तसंच. आपल्या सतीश कुमारने सुरुवात कबड्डीपासून केली, बॉक्सिंग सैन्यात गेल्यावर घेतलं. सुपर हेवीवेटमध्ये ऑलिंपिकला पात्र ठरलेला तो पहिला भारतीय. टोकियोत उपांत्यपूर्व फेरीत तो चेहऱ्यावर 13 टाके घेऊन उतरला आणि त्या वेळी तो 32 वर्षांचा होता. सतराव्या वर्षी कोणी त्याच्यावर फ्लेक्स लावला नसता. जड गटातली माणसं उशिरा पिकतात, हे एवढं तरी लक्षात ठेवा.

मग बघायचं काय? आम्ही चार गोष्टी बघतो.

एक, दुसऱ्या फेरीचं शेवटचं मिनिट. दम लागल्यावर जॅब मारलेला हात परत हनुवटीपाशी येतो, की कमरेशी लोंबतो? पाय एकमेकांत अडकतात का?

दोन, जोराचा ठोसा बसल्यानंतरचे तीन-चार सेकंद. मुलगा चिडून अंगावर धावतो, थिजतो, की एक पाऊल बाजूला होऊन पुन्हा उभा राहतो? तिसरा मुलगा आमचा.

तीन, आपल्या मापाच्या माणसाशी लढत. ती झालेलीच नसेल, तर निकाल राखून ठेवावा. 'अजून सांगता येत नाही' हेही उत्तरच आहे, आणि प्रामाणिक आहे.

चार, पहिल्या हारीनंतरचे तीन महिने. तो पुन्हा आला का, आणि आला तर काही बदलून आला का?

यातली एकही गोष्ट वजनकाट्यावर दिसत नाही, आणि चाळीस सेकंदांच्या लढतीत तर नाहीच नाही.

आता कोणी म्हणेल, रक्ताचंही काही असतं. असतं. हवा सिंग यांनी 1966 आणि 1970 अशा दोन आशियाई खेळांत हेवीवेटचं सुवर्ण घेतलं, आणि त्यांची नात नूपुर हिने 2025 मध्ये लिव्हरपूलला 80 किलोवरील गटात जागतिक रौप्य जिंकलं. पण घराण्यातून नुसतं हाडपेर येत नाही. घरात रिंग असते, चूक दाखवणारा डोळा असतो, हरल्यावर काय करायचं हे माहीत असलेली माणसं असतात. आमच्या खेड्यातल्या मुलाला हाडपेर मिळतं, बाकीचं त्याला आपण द्यायचं असतं. ते न देता त्याला रक्ताच्या गोष्टी सांगू नयेत.

शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते तोच सर्वांत गंभीर. मुलाची पारख करताना शिडीचीही पारख करावी लागते. टोकियो आणि पॅरिस, दोन्ही ऑलिंपिकमध्ये महिलांचा सर्वांत वरचा गट 75 किलोचा होता. म्हणजे 81 किलोवरच्या मुलीने जग जिंकलं, तरी ऑलिंपिकचं दार तिच्यासाठी उघडत नव्हतं. अशा मुलीला 'ऑलिंपिकची आशा' म्हणणं हे कौतुक नाही, ती फसवणूक आहे. तिला आधीच सांगावं, बाई, या वाटेवर हे आहे आणि हे नाही. मग ती ठरवेल.

कारण इथे पणाला काय लागलेलं असतं? आपल्याकडे क्रीडा गुण असतात, सरकारी नोकरीतलं 5 टक्के आरक्षण असतं, त्या हिशेबावर बाप दोन एकरांच्या उत्पन्नातून खुराकाचा खर्च काढतो. त्यात गैर काही नाही. पण आपल्या एका वाक्यावर तो अभ्यास सोडवतो, आणि प्रशिक्षक घाईने मोठ्यांच्या रिंगमध्ये उतरवतो. जड गटातला ठोसा डोक्याला बसतो, गुडघ्याला नाही. कच्च्या वयात खाल्लेला मार पुढे कोणत्याही पदकाने भरून येत नाही.

म्हणून पुढच्या वेळी दांडगं पोट्टं चाळीस सेकंदांत जिंकलं, तर टाळ्या जरूर वाजवा, त्याने त्या कमावल्या आहेत. मग त्याच्या प्रशिक्षकाजवळ जा आणि एवढंच विचारा, "याच्या मापाचा जोडीदार याला मिळतो का?" नसेल मिळत, तर फ्लेक्सच्या पैशात नागपूरला, पुण्याला जायचं तिकीट काढून द्या. तिथे महिनाभर आपल्या वजनाच्या मुलांचे ठोसे खाऊन, चुकवून तो परत येईल. तेव्हा आपण पुन्हा बघू, आणि तेव्हाही निकाल सावकाश देऊ.