प्रकाशाची साक्ष आणि रंगांची भर

चित्र, शिल्प, नाटक यांची समीक्षा आपल्याकडे परंपरेने होत आली आहे. आकाशाच्या छायाचित्राची समीक्षा मात्र क्वचितच होते. ते विज्ञानाचे म्हणावे तर त्याच्या सौंदर्याने आपण दिपून जातो, आणि कलेचे म्हणावे तर ‘हे खरोखर असेच दिसते काय?’ हा प्रश्न पाठ सोडत नाही. गेल्या काही वर्षांत अशी छायाचित्रे मोबाईलच्या मार्गाने घराघरांत पोहोचली आहेत. ती कशी पाहावीत आणि त्यांचे मोल कशाने ठरवावे, याचा विचार करणे म्हणूनच अगत्याचे वाटते. प्रस्तुत लेखात एका महाराष्ट्रीय तरुणाने घडविलेले चंद्राचे छायाचित्र मध्यवर्ती धरून हा विचार मांडला आहे.

मे २०२१ मध्ये पुण्याच्या प्रथमेश जाजू या सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याने हे छायाचित्र प्रसिद्ध केले. ३ मे रोजी मध्यरात्र उलटल्यावर एकच्या सुमारास त्याने चंद्र टिपावयास घेतला आणि सुमारे चार तास तो टिपत राहिला. वृत्तपत्रांतून आलेल्या त्याच्या निवेदनानुसार या एका चित्रामागे पन्नास हजारांहून अधिक छायाचित्रे होती, त्यांची माहिती १८६ जीबी भरली आणि संगणकावर त्यांचे संस्करण करण्यास अडतीस ते चाळीस तास लागले. कृष्ण पक्षातील अष्टमीच्या आसपासचा, जवळजवळ अर्धा उरलेला तो चंद्र. पण त्याच्या पृष्ठभागावर निळसर, तांबूस, जांभळट अशा छटा उमटलेल्या दिसतात, आणि प्रकाश व काळोख यांच्या सीमेवरील विवरे हात लावून पाहावीत इतकी उठावदार भासतात.

आमच्या परभणी जिल्ह्यातील खेड्यांत हे चित्र दाखविले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : “फादर, चंद्रावर एवढे रंग आले कुठून? हे खरं आहे का?” प्रश्न विचारणाऱ्याला अडाणी समजण्याचे कारण नाही. जिंतूर-सेलूकडच्या शेतकऱ्याने उभा जन्म खळ्यावर निजून चंद्र पाहिला आहे. जे त्याने पाहिले नाही ते चित्रात असेल, तर जाब विचारण्याचा त्याला अधिकार आहे. या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देणे हेच अशा चित्राच्या समीक्षेचे पहिले कर्तव्य होय.

प्रथम डोळ्याचा विचार करू. ज्या मृगावर आपण पेरणीचे गणित बसवितो, तो पेरणीच्या दिवसांत सूर्याच्या तेजात लपलेला असतो. तो डोळे भरून पाहावयाचा तर मार्गशीर्ष-पौषातील रात्रीच हव्यात. त्या वेळी मृगाच्या पोटातील तीन ताऱ्यांच्या खाली धुरकट असा एक ठिपका दिसतो. तो एक प्रचंड तेजोमेघ आहे. डोळ्यांना तो राखाडी दिसतो, छायाचित्रात मात्र गुलाबी. येथे छायाचित्र खोटे बोलत नाही. मंद प्रकाशात आपल्या डोळ्यातील ज्या पेशी काम करतात, त्यांना रंग ओळखता येत नाहीत. शिवाय डोळा प्रकाश साठवून ठेवू शकत नाही. कॅमेरा मिनिटामागून मिनिटे प्रकाशाचे थेंब गोळा करीत राहतो. तेव्हा ‘डोळ्यांना दिसते तेवढेच खरे’ ही कसोटी येथे अपुरी पडते.

मग कॅमेऱ्यातून जे निघते ते तरी जसेच्या तसे खरे मानावे काय? तेही नाही. कॅमेऱ्यातील संवेदक प्रत्यक्षात प्रकाशाची मोजदाद करतो, आणि त्या मोजदादीत रेडिओवर ऐकू येणाऱ्या खरखरीसारखी एक खरखर मिसळलेली असते. त्याच दृश्याची अनेक छायाचित्रे एकावर एक रचून त्यांची सरासरी काढली की ही खरखर दबते. चार छायाचित्रांत ती निम्मी होते, शंभरांत दहावा हिस्सा उरते. तारा प्रत्येक वेळी आपल्या जागी असतो, खरखर मात्र दर वेळी निराळी पडते, एवढे साधे त्यामागील तत्त्व आहे. भिंगावर झाकण ठेवून घेतलेल्या काळ्या छायाचित्रांवरून संवेदकाचे स्वतःचे दोष वजा करता येतात. एकसारख्या उजळलेल्या पृष्ठभागाच्या छायाचित्रावरून धुळीचे डाग काढता येतात. चंद्र आणि ग्रह यांच्या बाबतीत आपले वातावरण वाहत्या पाण्यासारखे थरथरत असते. म्हणून हजारो छायाचित्रांतून नेमक्या स्थिर क्षणांची निवड करावी लागते. जाजूच्या पन्नास हजारांचा हिशेब असा आहे. चंद्राच्या लहान लहान भागांची ती छायाचित्रे निवडून, रचून आणि शेवटी गोधडीप्रमाणे जोडून एक चंद्र सिद्ध झाला.

रंगांचेही तसेच. चंद्राची माती सर्वत्र एकसारखी नाही. जेथे टायटॅनियमचे प्रमाण अधिक, तेथून परतणाऱ्या प्रकाशात निळ्याकडे किंचित झुकाव असतो. जेथे ते कमी, तेथे तांबूसपणाकडे. हा फरक इतका सूक्ष्म आहे की डोळ्यांना तो करड्या रंगातच विरून गेलेला दिसतो. संगणकावर रंगांची तीव्रता वाढविली की तो प्रकट होतो. म्हणजे शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर असे द्यावे लागेल : हे रंग चंद्राचेच आहेत, पण त्यांचा आवाज वाढविलेला आहे. ध्वनिक्षेपकावरून मोठ्याने ऐकू आलेला शब्द वक्त्याचाच असतो, तसे हे आहे.

तथापि येथे सीमारेषेचा प्रश्न उभा राहतो. आवाज वाढविणे कोठे संपते आणि दुसऱ्याच्या तोंडी आपले शब्द घालणे कोठे सुरू होते? माझ्या मते तीन गोष्टी तपासाव्यात. चित्रात जे दिसते ते मूळ नोंदीत, कितीही मंद का होईना, होते काय? केलेली प्रक्रिया सबंध चित्रावर एकाच नियमाने केली, की मनाला येईल तेथे भर आणि नको तेथे खोडरबर चालविला? आणि काय केले ते पाहणाऱ्यास सांगितले काय?

या कसोट्या काही ज्ञात उदाहरणांना लावून पाहू. १ एप्रिल १९९५ रोजी हबल दुर्बिणीने गरुड तेजोमेघातील धुळीचे उत्तुंग स्तंभ टिपले. त्या जगप्रसिद्ध चित्रात गंधकाच्या प्रकाशाला लाल, हायड्रोजनच्या प्रकाशाला हिरवा आणि ऑक्सिजनच्या प्रकाशाला निळा रंग दिलेला आहे. वस्तुतः हायड्रोजन व गंधक या दोहोंचाही तो प्रकाश लालच. परंतु दोन्ही लाल ठेवले असते तर कोणता वायू कोठे आहे ते कळलेच नसते. नकाशात दोन तालुके दोन रंगांनी रंगवावेत, त्यातलाच हा प्रकार. येथे रंग ही एक भाषा आहे, आणि तिची किल्ली जाहीर असल्यामुळे कोणाची फसवणूक होत नाही.

आता याच्या उलट उदाहरण. ‘दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत’ म्हणून एक झगमगते चित्र कित्येक वर्षे दिवाळीत फिरत आले आहे. ते दिवाळीचे नाही. अमेरिकेतील एका शास्त्रज्ञाने वेगवेगळ्या वर्षांच्या उपग्रह-नोंदी एकत्र करून, लोकवस्ती कशी वाढली हे दाखविण्यासाठी ते सिद्ध केले होते. १९९२ पूर्वीपासूनचे दिवे पांढरे, १९९२ मध्ये दिसू लागलेले निळे, १९९८ मधले हिरवे आणि २००३ मधले लाल, अशी त्याची किल्ली. नोव्हेंबर २०१२ मध्ये नासाने आपले खरे रात्रचित्र प्रसिद्ध करून हा खुलासा केला. दिवाळीच्या जादा उजेडाने अवकाशातून ओळखू येईल असा फरक पडत नाही, असेही सांगितले. चित्र घडविणाऱ्याने यात काहीच लबाडी केली नव्हती. किल्ली वाटेत गळून पडली आणि तिच्या जागी एक गोड गोष्ट चिकटली. लबाडी झाली ती मथळ्यात, आणि ती पुढे पाठविणाऱ्या हजारो हातांत आपलेही हात असतील.

जुलै २०२२ च्या अखेरीस एका फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने मसालेदार सॉसेजची चकती जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेला तारा म्हणून प्रसिद्ध केली. पुढे त्याने क्षमा मागितली आणि चित्रांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, हे दाखविण्याचा आपला हेतू होता असे सांगितले. २०२३ साली एका वापरकर्त्याने मुद्दाम धूसर केलेले चंद्राचे चित्र संगणकाच्या पडद्यावर ठेवून मोबाईलने टिपले, तर मोबाईलने त्यात मूळ चित्रात नसलेले तपशील भरून दिले. ही तिसरी घटना मला सर्वांत चिंताजनक वाटते. कारण सॉसेजच्या बाबतीत फसविणारा माणूस होता आणि त्याने कबुली दिली. येथे टिपणाऱ्यालाच पत्ता नाही की आपल्या चंद्रातील कोणता भाग आपण पाहिला आणि कोणता यंत्राने आठवून लिहिला.

छायाचित्राला आकाशाच्या अभ्यासात साक्षीदाराचे स्थान मिळाले त्याचा इतिहास या संदर्भात लक्षात घेण्यासारखा आहे. १८ जुलै १८६० रोजी स्पेनमध्ये खग्रास सूर्यग्रहण दिसले. येशूसंघीय धर्मगुरू आंजेलो सेक्की यांनी समुद्राजवळच्या एका ठिकाणाहून आणि वॉरन दे ला रू यांनी उत्तरेकडील दुसऱ्या ठिकाणाहून त्याची छायाचित्रे घेतली. ग्रहणाच्या वेळी कडेने दिसणाऱ्या लाल ज्वाला सूर्याच्या की चंद्राच्या, की केवळ भास, असा तेव्हा वाद होता. एकमेकांपासून दूर असलेल्या दोन जागांवरून घेतलेली चित्रे जुळली आणि ज्वाला सूर्याच्याच हे सिद्ध झाले. पुढे २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणात आपल्या सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला दुर्बिणी घेऊन उतरले, ते याच साक्षीच्या परंपरेत.

त्याआधीच सर्व आकाशाचा छायाचित्रांतून नकाशा करण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प निघाला होता. त्यातील नकाशाच्या काचफलकांवर प्रत्येक तारा तीनदा टिपून इवलासा त्रिकोण उमटविण्याची पद्धत होती. त्रिकोण असेल तो तारा, एकटा ठिपका असेल तो काचेवरचा डाग. आजच्या रचून-सरासरी काढण्याच्या पद्धतीचे बीज त्यात दिसते. या प्रकल्पातील व्हॅटिकन वेधशाळेच्या वाट्याच्या फलकांवरून १९१० ते १९२१ या काळात मारिया बांबिना संघाच्या चार धर्मभगिनींनी ४,८१,२१५ ताऱ्यांची स्थाने व तेज मोजून नोंदविले. तारा जेथे आहे तेथेच लिहावयाचा, मनाने एकही वाढवावयाचा नाही, हा नियम त्यांनी इतकी वर्षे पाळला. हातात भिंगाऐवजी संगणक आला, एवढ्याने तो नियम रद्द होत नाही.

या पार्श्वभूमीवर जाजूच्या चित्राकडे पुन्हा वळू. पहिल्या दोन कसोट्यांवर ते माझ्या मते उतरते. तिसरीवर तर ते विशेष खरे ठरते. किती छायाचित्रे, किती तास, कोणती प्रक्रिया, हे सारे त्या मुलाने आपण होऊन सांगितले. सोळाव्या वर्षी एवढा पारदर्शीपणा दाखविणे ही प्रतिभेइतकीच मोलाची गोष्ट आहे. अर्ध्या चंद्राची निवडही मार्मिक होय. पौर्णिमेला चंद्रावरील सावल्या नाहीशा होतात आणि तो सपाट दिसतो. अष्टमीच्या तिरप्या उन्हात डोंगर आणि विवरे आपली उंची-खोली बोलून दाखवितात.

परंतु समीक्षकाने केवळ कौतुक करून थांबू नये. अतिशय उजळ आणि अतिशय अंधारे असे दोन्ही भाग एकाच चित्रात सारख्याच स्पष्टतेने दाखविण्याच्या हव्यासात चंद्राचे चंद्रपण थोडे हरवते. शीतलता हा ज्याचा धर्म, तो घोटून चकाकविलेल्या धातूसारखा भासू लागतो. रंगांची तीव्रता एक-दोन पायऱ्या खाली आणली असती तर ज्ञान तेवढेच मिळाले असते आणि डोळ्यांनी पाहिलेल्या चंद्राशी नातेही तुटले नसते. संस्करण-प्रणालीत तीव्रता वाढविणारी कळ सरकविणे सोपे असते, ती कोठे थांबवावी हे ठरविण्यास रसिकता लागते. हा दोष त्या एकट्याचा नाही. जगभरच्या हौशी छायाचित्रकारांत ही स्पर्धा दिसते, कारण भडक चित्र अधिक जण पाहतात. त्याहून मोठा अन्याय वृत्त देणाऱ्यांनी केला. ‘चंद्राचे सर्वांत स्पष्ट छायाचित्र’ अशा मथळ्यांखाली पन्नास हजार छायाचित्रांची आणि चाळीस तासांची हकीकत कित्येक ठिकाणी बारीक अक्षरांत गेली, आणि चित्र पुढे सरकत गेले तशी ती गळूनही पडली.

यात काय पणाला लागले आहे, ते स्पष्ट सांगावयास हवे. खोट्या चित्रांनी फसलेला माणूस काही काळाने सर्वच चित्रांवर अविश्वास दाखवू लागतो. मग रात्रभर जागून प्रामाणिकपणे चंद्र टिपणाऱ्या मुलालाही ‘हे सगळं कॉम्प्युटरवर केलेलं’ या एका वाक्यात निकालात काढले जाते. खोट्याच्या प्रसाराची किंमत अखेर खऱ्याला मोजावी लागते.

आपल्या धर्मग्रामातील तरुणांना एवढेच सुचवावेसे वाटते. परभणी जिल्ह्यात शहराच्या दिव्यांपासून थोडे दूर गेले की हिवाळ्यात आकाशगंगेचा पट्टा आजही डोळ्यांनी दिसतो. पुण्या-मुंबईच्या मुलाला या आकाशासाठी कित्येक कोस जावे लागते. साधा कॅमेरा, एक तिकाटणे आणि विनामूल्य मिळणारी सिरिलसारखी संस्करण-प्रणाली एवढ्यावर आरंभ करता येतो. चित्र जरूर उजळावे, खरखर जरूर काढावी. मात्र मूळ नोंदी जपून ठेवाव्यात, आणि चित्राखाली दोन ओळी अवश्य लिहाव्यात : कोठून, केव्हा आणि किती वेळ टिपले, व नंतर त्यावर काय केले. जे पुढे पाठवितात त्यांनी त्या दोन ओळी खोडू नयेत. त्या नसतील तर चित्र पुढे पाठवू नये. म्हणजे खळ्यावरून प्रश्न आला तर उत्तर देणाऱ्याला चाचपडावे लागणार नाही.